फळीवर चिकटवलेली कार्डं

डॅड,

इथे नॉर्थ डकोटात तेलविहिरीवर आल्यापासून मी पुन्हा बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंची कार्डं जमवायला लागलोय. लहानपणची माझी सगळी कार्डं तुम्ही वाढदिवसाची गंमत म्हणून सुतारकामाच्या डिंकाने फळीवर चिकटवलीत. "बघ पोरा, आता एकही हरवणार नाही!" म्हणालात. पाठ खराब झालेलं कार्ड जमवणारा कुणी हातातही घेत नाही, हे तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही ते मायेनं केलंत, हे मला माहीत होतं. तरी वर्षभर मी तुमच्याशी बोललो नाही.

काल ताईचा फोन आला. "डॉक्टर म्हणतात, डॅडचा रविवार काही निघत नाही. तुझंच नाव घेतायत ते, गाढवा!"

शनिवारी मला सुट्टी आहे. बिस्मार्कला कार्डांचा बाजार भरतोय. मी तिकडे जातोय. माझ्यासाठी थांबू नका.

तुमचाच,
लायल