सत्तेचाळीस नंबरचा फितूर

५ एप्रिल, शनिवार, सकाळ
आजपासून रोजनिशी. यंदा आमच्या ट्रॅकवरची मोटार शर्यतीची ट्रॉफी आपलीच, तेव्हा कोणी कधी काय केलं याची नोंद असलेली बरी. माणसांचा भरवसा नाही.
सत्तेचाळीस नंबरची गाडी माझी, डोकं माझं. चालवतो गार्लंड, बायकोचा भाऊ. आठवडाभर शाळेची बस, शनिवारी माझी गाडी. बरा चालवतो.
संकल्प: यंदा लबाडी अजिबात नाही. फक्त गाडीच्या मागच्या टोकावरची, वारा अडवणारी उभी पट्टी नियमापेक्षा अर्धा इंच उंच. वळणावर गाडी रस्ता धरते. अर्धा इंच म्हणजे लबाडी नव्हे, हौस.

६ एप्रिल, रविवार
काल दुसरे आलो. मग बाद.
तपासणीला टिपटन सर. शाळेत आम्हाला गणित शिकवायचे, रिटायर झाल्यापासून ट्रॅकवर मोजपट्टी घेऊन फिरतात. बाकीच्यांच्या गाड्या वीस-वीस मिनिटं बघितल्या. आमच्याकडे आले ते थेट मागे. मी तिथेच पट्टीवर कोपर टेकून शीळ घालत होतो. "व्हर्लन, जरा सरक," म्हणाले आणि मोजलं. नंबर गेला, वर पंचवीस गुण कापले.
पट्टीचं तिघांना माहीत होतं. मी, गार्लंड आणि माझी बायको, नाव जुनी. मी सांगितलेलं नाही. उरले दोन.

१३ एप्रिल, रविवार
चर्चच्या जेवणात जुनीने टिपटन सरांना केकचे दोन तुकडे वाढले. मला एक. विचारलं, तर म्हणाली, "त्यांनी मागितला. तू नुसता डोळे वटारून बघत होतास." पटलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार, दुपार
सापळा लावला आहे. गार्लंडला सांगितलं, यावेळी स्प्रिंगमध्ये गंमत आहे. जुनीला सांगितलं, इंजिनात. खरी गंमत पेट्रोलच्या टाकीत. नियमापेक्षा चार लिटर जास्त मावतं. सर ज्या ठिकाणी हात घालतील, त्यावरून फितूर कोण ते कळेल. इतकं साधं आहे.

२० एप्रिल, रविवार
टाकीतच हात घातला.
म्हणजे दोघं मिळालेले आहेत. माझं खोटं एकमेकांना सांगून त्यांनी खरं काय ते काढलं. घरात इतकं डोकं आहे आणि माझ्याविरुद्ध वापरलं जातंय, याचं वाईट वाटतं. शेवटच्या नंबरावर टाकलं. मी टाकीला पाठ लावून उभा होतो तरी!

२ मे, शुक्रवार
आता कुणालाच काही सांगायचं नाही. उजव्या मागच्या टायरला औषध चोळून ठेवलं. रबर मऊ पडतं, चिकटून पळतं. जुनी म्हणाली, गराजमधून कसला वास येतोय? इतकी चौकशी का?

४ मे, रविवार
लिहिवत नाही.
काल पहिले आलो. पहिले! दुपारभर मी त्या टायरजवळ खुर्ची टाकून बसलो होतो, पाणी प्यायलासुद्धा उठलो नाही. शर्यत संपल्यावर पुन्हा तिथेच जाऊन उभा राहिलो. टिपटन सर आले. चार टायर असताना त्याच एकाला रबराचा मऊपणा मोजायचं यंत्र लावलं. जिंकलेलं गेलं, सगळे गुण गेले, दोन महिने बंदी.
मी सगळ्यांसमोर गार्लंडला विचारलं, कितीला विकलंस मला? तो आधी हसला. मी थट्टा करत नाही हे कळल्यावर हेल्मेट काढून बॉनेटवर ठेवलं. म्हणाला, "दाजी, तुमच्या गंमतींपायी तीनदा माझं नाव बाद झालं. बसमधली पोरं मला चोर म्हणून चिडवतात. घरी येऊन तुम्हाला कधी बोललो?" आणि चालत गेला. दोन मैल. माझ्या ट्रकमध्ये बसला नाही.

११ मे, रविवार
जुनी जेवण करून ठेवते, बोलत नाही. उसळ, मक्याची भाकरी, शांतता.

७ जून, शनिवार
गेलो टिपटन सरांकडे. ओसरीत शेंगा निवडत होते. म्हटलं, फितुराचं नाव सांगा, मग मी जातो.
"कुणाचं नाव?"
"माझ्या घरातलं. तुम्हाला सांगतं कोण?"
सरांनी शेंगा बाजूला ठेवल्या. म्हणाले, "तूच की. मी गाडी नंतर बघतो, आधी तुला बघतो. जिथे खोट असते तिथे तू पहाऱ्याला उभा असतोस. शाळेतही ज्या बाहीत कॉपी, त्याच बाहीवर हात ठेवून बसायचास."
पायऱ्या उतरताना पाठीमागून म्हणाले, "पोरगा चांगला चालवतो रे. साध्या गाडीतही तिसरा आला असता."

८ जून, रविवार
रात्री वाटलं, सर फितुराला वाचवताहेत. सकाळी वाटलं नाही.
गार्लंडकडे गेलो. माझं चुकलं, म्हटलं. दारातच म्हणाला, "बरं झालं बोललात, दाजी." आत बोलावलं नाही. आता तो दुसऱ्या कुणाची बारा नंबरची गाडी चालवतो.

५ जुलै, शनिवार, संध्याकाळ
बंदी संपली. गाडी पुस्तकाप्रमाणे, बोल्टसुद्धा नियमातला. चालवली मीच. माझ्या मते माझ्यात मूळचा ड्रायव्हर होता.
एकोणीस गाड्यांत अठरावा. एकोणिसाव्याचं इंजिन फुटलं. बारा नंबर तिसरा.
गाडी ट्रेलरवर चढेना. एकटाच ढकलत होतो, तेवढ्यात मागून कोणीतरी जोर लावला. गार्लंड. गाडी चढवली, पट्टे आवळले, एक पट्टा पुन्हा ओढून बघितला. म्हटलं, गार्लंड, तू आलास!
"यावंच लागलं, दाजी," तो म्हणाला. "तुम्ही फाटक अडवलंय. मागे बाराजण खोळंबलेत."