पुलावरचा अडसर आणि माझं कोठार

मी, वेन्डेल थेयर, वय छप्पन्न, धंदा सुतारकाम, राहणार हॉलो मिल्स, व्हर्माँट, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. वकील लावलेला नाही. कायदा मी ग्रंथालयात बसून स्वतः वाचला. या कागदात चूक निघाल्यास ती माझीच समजावी.

१. घर, बचत व गाडी पत्नी मार्लीन हिला. गाडीचं मागचं डावं दार जरा उचलून लावावं लागतं. तिला माहीत आहे, तरी आपटते.

२. माझी हत्यारं धाकटा भाऊ रॉयस याला देऊ नयेत. त्याने नेलेला मोठा रंधा त्याच्याकडेच राहू दे. पातं त्याने घालवलंच आहे.

३. कोठारात केशरी पट्ट्यांचा लाकडी अडसर आहे. ओढ्यावरचा पूल कुजला तेव्हा गावसमितीच्या सांगण्यावरून मीच तो बनवून पुलावर लावला. रॉयस त्या समितीत आहे. तो मेपलच्या झाडांचा रस आटवून सिरप बनवतो. रस वाहू लागल्यावर त्याची टाकीगाडी पलीकडे जावी म्हणून त्याने अडसर काढला आणि माझ्या कोठारात आणून टाकला. त्याच संध्याकाळी आमची शेजारीण लॉरेटा ग्रेगवार गाडीसकट पुलावरून खाली गेली. तिचा पाय अजून वाकत नाही.

मार्चच्या गावसभेत रॉयस म्हणाला, अडसर लॉरेटानेच हलवला. तसं ठरलं तर गावाला भरपाई द्यावी लागत नाही. सभापती एलियट हॅस्किन्स यांनी रस्त्याच्या डागडुजीसारखा हाही प्रश्न मताला टाकला. सभागृह "हो" म्हणालं. मी उठलो. "अडसर माझ्या कोठारात आहे, चला बघायला." मागून आवाज आला, "वेन्डेल, बस की खाली, जेवणाचं सूप गार होतंय!" कोणी आलं नाही.

बाहेर रॉयस म्हणाला, "दादा, गावाने ठरवलंय ना? मग तसंच झालं."

शस्त्रक्रियेची भीती मला नाही. मी गेलो की अडसर रॉयसच्या सिरपच्या भट्टीत जाईल आणि सभेने ठरवलं तेवढंच खरं उरेल, याची आहे. कुलूप लावलेलं असूनही मी सारखा कोठाराकडे जाऊन येतो.

४. म्हणून अडसर सभागृहात सभापतींच्या खुर्चीमागे टांगावा. पुढच्या गावसभेत रॉयस उभा राहून "अडसर मी काढला" एवढं म्हणाला, तर कोठार त्याचं. त्यावर मत घेऊ नये. न म्हणाल्यास कोठार लॉरेटाला.

५. वरील शेवटचं वाक्य रद्द. लॉरेटाने विचारलं, "साक्षीला कोणी मिळालं का रे तुला?" म्हटलं, एलियट तेवढे कबूल झालेत, तेही अट घालून. "मग कोठार राहू दे. सही मी करते." साक्षीदार दोन लागतात, आणि साक्षीदाराला वारसा घेता येत नाही. आता रॉयस न बोलल्यास कोठार ग्रंथालयाला.

हॉलो मिल्स, १८ एप्रिल
वेन्डेल थेयर

साक्षीदार:
लॉरेटा ग्रेगवार
एलियट हॅस्किन्स, मजकूर न वाचता

टीप: "मजकूर न वाचता" हे शब्द खोडलेले आहेत. खोडाखोड माझी नाही. एलियट यांनी कोठाराची किल्ली मागून घेतली, जाऊन आले, आणि मग खोडले.