घास म्हणजे काय

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज लिहायला बसलोय, माफ करा. चौथीत शाळा सुटली, चार ओळी लिहायच्या तरी धीर लागतो. पण परवापासून अन्न गोड लागत नाही आणि विचारायचं ते तुम्हालाच.

आपल्या टेकडीवर मारवेल गवताच्या मधे मधे तुम्ही दशरथ घास पेरला, तो झुडपासारखा वाढणारा चारा. का, ते मला कधी सांगितलं नाही. शेवटी खाटेवर पडल्या पडल्या माझा हात धरून एवढंच म्हणालात, "टेकडीवरना घासले जपजो." मी दशरथ घास जपला. कपाशी निंदतात तशी टेकडी निंदून घेतली, घासात गवताची काडी राहू दिली नाही. निंदायला बाया धाकटाच आणायचा. उपटलेलं गवत त्याच्याच गोठ्यात जायचं, मी म्हणायचो, जाऊ दे, भाऊच आहे.

आता टेकडी उघडी पडलीय. माती धरायला गवत नाही, दर पावसात ती खाली नाल्यात येते. घास वाढून त्याची लाकडं झालीत. गाई नुसता पाला ओरबाडतात आणि अर्ध्या पोटी घरी येतात. परवा पारावर मी हेच बोलत होतो, तर धाकटा हसून म्हणाला, "आबा गवतलेच घास म्हनेत. गुजरातमा गुरं चारेत ना, तठली बोली ती. दोन्ही बरोबर ठेवानं, आस्सं सांगेल व्हतं त्यासनी माले."

"मंग इतके वरीस बोलना का नही?"

"तू मोठा भाऊ. तुले कोन सांगी?"

शेजारचा लगेच म्हणाला, "भाऊनी तं टेकडीनी हजामत करी टाकी." सगळे हसले. धाकटाही हसला. मी चप्पल शोधत बसलो, ती पायातच होती.

धाकट्याबरोबर तुम्ही गुरं घेऊन तिकडे गुजरातला जायचात, मी इथं औताला. मग मला कुठून कळणार? का गवत नेल्याचा दोष आता अंगावर येऊ नये म्हणून तो तुमच्या नावावर खपवतोय? आखाडाच्या आत गवताचं ठोंब लावायचं की घासच ठेवायचा, काही सुचत नाही.

खरं सांगू, त्याच्यापेक्षा तुमचाच राग जास्त येतोय. त्याला समजावून सांगितलं आणि मला नुसतं बजावलं.

पाकीट आणलेलं नाही, आणून तरी काय करणार. पण तुम्ही घास कशाला म्हणालात, तेवढं कसंही करून कळवा. लवकर कळवा, आबा.