पुढच्या टोकाच्या खोल्या

बाबा, जहाजांची चित्रं काढणाऱ्या आपणा सगळ्यांची एक जुनी तक्रार आहे. कंटेनर किती मावतील एवढंच आपल्याला विचारलं जातं. त्यांच्यासोबत वीस माणसं जातात, त्यांचं कोणी विचारत नाही. ही तक्रार मी इथे डब्लिनमध्ये इतक्या सभांतून, इतक्या तावातावाने मांडली आहे की लोक मला त्यासाठीच बोलावतात. आणि तरी गेल्या वर्षी, २०२० मध्ये, मी स्वतः तेच केलं.

आठवतं? मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. तुम्ही गोदीतल्या ड्रॉइंग ऑफिसातून नुकते आलेले, ओट्यापाशी लसूण सोलताय, आणि मी माझं पहिलं जहाज जमिनीवर पसरून त्याचं कौतुक सांगतेय. तुम्ही सगळं ऐकून घेता. "भाषण झालं? आता सांग, यात माणूस झोपतो कुठे?" मी म्हणते, "ते शेवटी ठरवतात, बाबा." "कोण ठरवतं?" तुम्ही कागद गुंडाळून माझ्या हातात देता आणि म्हणता, "ऊठ, आईला पानं घेऊ दे."

इथे डब्लिनच्या बॉल्सब्रिज भागातल्या आमच्या ऑफिससाठी मी काढलेलं जहाज वेगळंच होतं. जिथून जहाज चालवतात तो ब्रिज आणि खाली खलाशांच्या खोल्या, सगळं उचलून अगदी पुढच्या टोकाला. समोर नजर मोकळी, मागे कंटेनर हवे तितके उंच रचा, शिवाय वारा अडल्यामुळे तेलाची बचत. मी चाळीस मिनिटं बोलले आणि स्क्रीनवरचे सगळे चेहरे जिंकले. लाटेवर पुढचं टोक किती वरखाली होईल तेही मोजलं होतं, पण चार तास पहाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या माणसापुरतं. झोपणाऱ्याचं गणित केलंच नव्हतं. कोणी विचारलंही नाही. जहाजाच्या मालकाची सही तेवढी बाकी होती.

त्याच सुमारास कोविडमुळे खलाशी जहाजांवरच अडकले होते. बंदरात लागलेल्या एका छोट्या जहाजावर रत्नागिरीचे एक काका आहेत असं कळलं, म्हणून आम्ही मराठी मंडळींनी थालीपिठं आणि लोणचं पाठवलं. डबे शिडीपाशी ठेवायचे आणि मागे सरायचं. काका कठड्यावरून ओरडून बोलत होते. घरी जायची तारीख कधीच उलटून गेली होती. त्यांच्या खोल्याही पुढेच होत्या, म्हणून मी मोठ्या अभिमानाने माझ्या जहाजाचं सांगितलं. म्हटलं, इंजिनाचा आवाज येणार नाही.

"आवाज नाय येत गो बाय, झोप पण नाय येत! लाटेत खाली गडगडू नये म्हणून गादीच्या कडेखाली लाइफजॅकेट खुपसतो नि भिंतीला चिकटून पडतो, पालीसारखा. तुझ्या सायबाला झोपव हितं एकदा!" ते खो-खो हसले.

दुसऱ्या दिवशी मी माझं चित्र मागे घेतलं. आमचा आयरिश साहेब म्हणाला, "ग्रँड." म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे'. "पण हे आमच्या गळी तूच उतरवलंस ना?" म्हटलं, "हो, आणि आता मीच काढून घेतेय." नोकरी जाईल असं वाटत होतं. त्याने नवं चित्र काढायला तीन आठवडे दिले. आता ब्रिज पुढेच आहे, खोल्या मधोमध आल्या आहेत, थोडे कंटेनर कमी झाले आहेत, आणि अखेर परवा त्या चित्रावर मालकाची सही झाली. छातीवरचा दगड उतरला, बाबा. कितीतरी महिन्यांनी मी सकाळी आठपर्यंत झोपले.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तर एक कबुलीही देऊन टाकते: मला बोट लागते. तुम्हाला कधी सांगायचं धाडस झालं नाही. आणि आता जे सांगतेय त्याचा पहिला त्रास मलाच होणार आहे. पण जहाजं काढणाऱ्यांनो, तुम्ही सगळे आणि मी, पुढच्या चित्रावर सही करण्याआधी खवळलेल्या समुद्रात खलाशाच्या खोलीत एक रात्र झोपून या.