ब्रीडाताई, तुमचा कापलेला सीन

प्रिय ब्रीडाताई,

तुम्हाला मराठी येत नव्हतं, तरी मराठीतच लिहिते आहे. आता जिथे आहात तिथे भाषेची अडचण नसावी. आणि इंग्रजीत लिहायला बसले तर रविवार उजाडेल नि मी 'डिअर'वरच अडकलेली असेन!

तुम्हाला जाऊन महिना झाला, म्हणून रविवारी चर्चमध्ये तुमच्या नावाची मास, म्हणजे प्रार्थना, आहे. आमच्याकडे मासिक श्राद्ध करतात, तसंच हे. त्यासाठी काल तुमचा भाचा डेक्लन ड्रोहेडाहून मुद्दाम आला. दारातच म्हणाला, "मासनंतर हॉलमध्ये चहा आहे. आंटीबद्दल दोन शब्द बोलाल का? शेवटच्या वर्षांत तिला सोबत तुमचीच होती." मी हो म्हणून बसले. मॅट्रिकच्या इंग्रजीत काय बोलू? म्हणून आधी तुमच्याशीच बोलते आहे.

आपली ओळख आठवते का? इथे परदेशात, क्लोनडॉकिनला मुलाकडे राहायला आले, तेव्हा जवळ देऊळ नव्हतं आणि गुरुवारी मला चैन पडेना. शेवटी म्हटलं, देव तो देव. चर्चच्या पायरीवर चपला काढल्या, मोज्यांनी आत गेले आणि मागच्या बाकावर जपमाळ घेऊन बसले. तुम्ही कानाशी येऊन म्हणालात, "अगं, पाय गारठतील! त्याला बुटांचं काही वाटत नाही." मी म्हटलं, "मला वाटतं ना." तुम्ही इतक्या मोठ्यांदा हसलात की पुढची बाई वळून बघायला लागली. आणि पुढच्या गुरुवारी पाहते तर काय, तुमचेही बूट पायरीवर, माझ्या चपलांशेजारी!

मग तुमच्याकडे चहाला येणं सुरू झालं. हीटिंग बंद ठेवून दोन-दोन स्वेटर घालून बसणारी बाई या देशात मला तुम्हीच भेटलात. अनघा, माझी सून, म्हणायची, "आई, तुमची जुळी बहीण आहे हो ती!" 'ताई' म्हणजे काय ते इरानं, माझ्या नातीनं, तुम्हाला सांगितलं. तेव्हापासून ख्रिसमस कार्डावर तुमची सही 'ताई'.

पण एवढी जवळीक होऊन तुम्ही हॉलिवूडमध्ये होतात, हे सांगायला वर्ष लावलंत? आमच्याकडे कुणी मालिकेतल्या गर्दीत दिसलं तरी सगळ्या सोसायटीला फोन जातात!

"काय काम करायचात?"

"दार उघडायचे," तुम्ही म्हणालात. "मोलकरीण, नर्स, नन, खाणावळीची मालकीण. 'मॅडम, पाहुणे आलेत,' म्हणायचं आणि बाजूला व्हायचं. बाजूला होणं हेच अवघड, हं. हिरॉईनवरची नजर आपल्यावर येता कामा नये."

कॉर्कहून बोटीनं गेलेली पोर तुम्ही. हॉटेलात बश्या उचलताना कुणीतरी तुमचं आयरिश बोलणं ऐकलं आणि डोक्यावर पांढरी टोपी चढवून कॅमेऱ्यापुढे उभं केलं. पुढे आईनं अंथरूण धरलं, तशा परत आलात आणि इथेच राहिलात. "वाईट नाही वाटलं?" असं विचारलं तर म्हणालात, "आई होती गं ती." संपला विषय.

मग एका दुपारी मी नि इरा तुमच्याकडे चहाला आलो असताना तुमचा एक सिनेमा टीव्हीवर लागला. इरा ओरडली, "ओ माय गॉड आजी, दॅट्स ब्रीडा!" टोपी, एप्रन, हातात ट्रे. घरचा मुलगा युद्धात मारला गेल्याची तार आलेली, आणि तुम्ही चहा घेऊन दारातून आत येता. इकडे सोफ्यावर तुम्ही माझा हात धरलात, म्हणालात, "आता." आणि पडद्यावर एकदम हिरॉईनचं रडणं सुरू! तुम्ही गायब.

"इथे काय होतं?" मी विचारलं.

तुम्ही उठलात. स्वतःच्याच टीपॉयवर कप मांडलेत. एक साहेबांचा, एक बाईंचा, आणि सवयीनं तिसरा, मुलाचा. तो ठेवला आणि तुमचा हात तिथेच थांबला. मग कप उचललात. स्वच्छ कप, तरी एप्रननं पुसलात आणि एप्रनखाली घेऊन निघून गेलात. ना संवाद, ना बशीचा आवाज.

"थिएटरात बघायला नवी हॅट घालून गेले होते," तुम्ही हसत म्हणालात. "सिनेमा लांबला होता. माझा सीन कापला." कुणाला दोष नाही. मला नाही पटलं! तुमच्यापुढे हिरॉईनचं रडणं फिकं पडलं असणार. आणि तुम्ही हसलात का हो? थोडं रागवायचं तरी!

असंच हसून तुम्ही भाच्याच्या गावच्या, ड्रोहेडाच्या हॉस्पिटलातून फोनवर "आय अॅम ग्रँड" म्हणालात. इथली माणसं पाय मोडला तरी ग्रँड, म्हणजे मजेत, असतात, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

तुम्ही गेल्यावर तुम्हाला घरी आणलं, तेव्हा मी पिठलं-भात घेऊन आले. माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण देतात, ही आमची रीत. तुमच्या ओट्यावर तर सँडविचांनी जागाच ठेवली नव्हती! इथल्या रीतीप्रमाणे तुम्हाला शवपेटीत समोर ठेवून लोक चहा पीत होते, गमती सांगत होते. कुणीतरी म्हणालं, "ब्रीडा? ती हॉलिवूडला दारं उघडायला गेली होती!" सगळे हसले. प्रेमानंच हसले, तरी मला लागलं. मी पिठल्याचं भांडं ओट्याच्या कोपऱ्यात सरकवलं.

आज अनघा म्हणाली, "आई, मी छान दोन मिनिटांचं भाषण लिहून देते. पाठ करा." मी नको म्हटलं. त्या सीनमध्ये शब्द तुम्हालाही कुणी दिले नव्हते.

दुपारी एकटीनं स्वयंपाकघरात कप मांडून तुमच्या सीनचा सराव केला. पहिल्यांदा बशी वाजली. दुसऱ्यांदा रडू आलं. मग जमलं. मागे इरा कधी येऊन उभी राहिली, कळलंच नाही. हळूच म्हणाली, "आजी, आय फर्गॉट इट वॉज यू."

तेव्हा ठरलं. रविवारी हॉलमध्ये मी फक्त एवढंच म्हणेन, "धिस वॉज ब्रीडाज सीन." मग कप मांडीन. सगळ्यांसमोर, शेवटपर्यंत. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून करीन. तिथे कापणारं कुणी नाही.

तुमची धाकटी,
सुमन