शेख बरकातचे नाग

६ मे

शेख बरकात लबाड आहे. लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. इजिप्तच्या या अख्ख्या फय्यूममध्ये कुणाच्या घरात साप दिसला की याला बोलावणं, आणि हा रिकाम्या हाताने बाहेर आला असं कधी झालंच नाही! मी तीस वर्षं विद्यापीठात साप शिकवतोय, सापांवर फिल्म काढतोय. वाळूत आठ-आठ दिवस पालथा पडून काहीही न मिळता परत आलोय. यालाच दर वेळी कसा सापडतो?

शाहिनाज म्हणते, पीराची कृपा असेल. लग्न झाल्यापासून माझा कॅमेरा तीच सांभाळते, पण हल्ली बाजू माझी घेत नाही.

९ मे

बरकातच्या घरी चहा, मध, तुपाळ फतीर रोटी – आणि बढाया. याच्या बापाने म्हणे राजवाड्यातून नागीण काढली होती. मोजमापाच्या निमित्ताने त्याच्या पेटीतले सगळे नाग हाताळले आणि प्रत्येकाच्या पोटाचा एक खवला डाव्या कडेला कातरला. चित्रणासाठी पाळलेल्या आमच्या नागांना ही खूण उजवीकडे असते. आता कुणाच्या घरात डाव्या खुणेचा नाग निघू दे, मग बघतो!

शाहिनाजलाही सांगितलं नाही.

१२ मे

कालव्याकाठच्या हज्जा तफीदाने बरकातला उद्या बोलावलंय. मुलगा-सून कुवेतला, नातवंडं हिच्यापाशी. कोठीत पिठाच्या माठामागे काळा नाग पाहिला, मनगटाएवढा जाड, म्हणते. मुलं तेव्हापासून गच्चीवर झोपतात. भ्यालेल्या माणसाला सगळेच साप जाड दिसतात. चित्रणाला मात्र हो म्हणाली.

१३ मे

सापडला!

शाहिनाज सकाळीच जाऊन दिवे लावून आली होती. बरकातने रीतीप्रमाणे दारातच झगा उतरवला, फेटा सोडून झटकला – साप घेऊन आत शिरला असं कुणी म्हणायला नको. उघड्या अंगाने आत गेला. पीराच्या नावाने सापाला शपथ घातली, काठी आपटली, आणि माठामागून नाग निघाला. बरकात स्वतःच दचकला. काय नट आहे!

मी झटकन नाग धरला, डोकं पुढे, पोट वर. खूण डाव्या हाताला! सर्वांदेखत सांगितलं, हा याच्याच पेटीतला.

"डॉक्टर, उघडा आत गेलो मी," बरकात म्हणाला. "कुठे लपवला होता, तुम्हीच सांगा."

लोक हसले. मग कुणीतरी चप्पल फेकली. बिचाऱ्याला – बिचारा कसला! – झगाही धड घालू दिला नाही.

हज्जा नागाकडे बघतच राहिली. "हा बारका आहे रे बाबा. मी पाहिला तो काळा होता." तिला समजावलं, भीती घालायला आधीही बरकातनेच हा सोडला असणार, आता निर्धास्त व्हा. उद्या कोठी धुऊन मुलांना खाली, कोठीच्या दाराशीच निजवते म्हणाली.

१४ मे

शाहिनाजने कालपासून कॅमेऱ्याला हात लावलेला नाही. शेखचा इतका पुळका? दिवे लावताना आत कोण कोण होतं, विचारलं.

"कुणी नाही. मीच."

दोघांचं काही साटंलोटं आहे का? फिल्म तपासतो.

१४ मे, संध्याकाळ

फिल्ममध्ये नाग माझ्या हातात उताणा आहे. उताणा! डोकं पुढे, पोट वर, म्हणजे माझ्या डाव्या हाताला त्याची उजवी कड. विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवतो मी. नाग आमचा. मागच्या पिंजऱ्यात एक कमी आहे.

शाहिनाज रडली. "मीच ठेवला. काही निघालं नसतं तर फिल्मचा शेवट गेला असता. चित्रणासाठी आपण नेहमी हेच करतो ना? शेखच्या नागांवरच्या खुणेचं तू मला कुठे सांगितलंस? काल सगळ्यांसमोर माझी जीभच उचलली नाही."

म्हणजे काळा अजून तिथेच आहे. मुलांची अंथरुणं आज कोठीच्या दाराशी. हज्जा फोन उचलत नाही. मी गाडी काढतोय, शाहिनाज बरकातकडे धावलीय. येईल का तो?