सगाईपर्यंत थांब

अंबड,
१२ सप्टेंबर २०२४

श्रेणिक यांस जय जिनेंद्र.

इकडे सगळं ठीक. तिकडे मस्तगडला पप्पाजींचा गुडघा बरा असेल. माझी एकताताई रोज हाताला धरून मला स्थानकात महाराजसाहेबांच्या प्रवचनाला नेते. कडेच्या नजरेनं लिहून राह्यले, ओळी एकमेकींवर चढतील. चालवून घ्या. मीही तुमचं बरंच चालवून घेतलं.

संवत्सरीचा तुमचा मेसेज ताईनं वाचून दाखवला. "मन, वचन, कायेने कळत-नकळत दुखावलं असल्यास क्षमा." खाली जोडलेले हात. तोच मेसेज ताईला, तोच आमच्या दूधवाल्यालाही. वा! बायकोची माफी घाऊक भावात!

आणि नकळत? बिलकुल न्हाई. डेंगू उतरून दवाखान्यातून घरी आले, तेव्हा पहिलं तुम्हालाच सांगितलं होतं, की ज्याच्याकडे बघावं त्याचं तोंडच दिसत न्हाई, मधोमध काळा डाग येतो. तुम्ही म्हणालात, "अशक्तपणा असेल. प्रीतीच्या सगाईपर्यंत थांब. घरात डोळ्याचं दुखणं आहे असं पाहुण्यांच्या कानावर गेलं, तर माझ्या बहिणीचं जमलेलं मोडेल." मी थांबले. तेव्हा माझी अक्कल कुठं चरायला गेल्ती, देव जाणे!

मंग सगाईत तुमच्या मम्मीजींनी घुंघट ओढून मला मामासासऱ्यांच्या पाया पडायला पाठवलं. मी पडले स्वयंपाकाच्या महाराजांच्या पाया. बिचारे मागंच सरले. सगळा हॉल हसला. मम्मीजींनी दंडाला चिमटा काढला, "सुनेला मस्ती आलीय." कोण कोण हसलं ते लिहीत न्हाई.

शेवटी ताईनंच संभाजीनगरला नेलं. डॉक्टर म्हणाले, त्या तापात डोळ्याच्या पडद्याला सूज आली, आत रक्त साकळलं. डावा सुधारेल. उजव्याच्या मधली नजर गेली ती गेली. "लवकर आला असता तर कदाचित वाचली असती. का थांबलात?" काय सांगू? घरात सगाई होती म्हणून?

काल प्रीतीचा फोन आल्ता. पोरीला कुणी काहीच सांगितलं न्हवतं. ऐकून ढसाढसा रडली, आणि तिनं स्वतःच होणाऱ्या सासरी फोन लावला. ते म्हणाले, "डासाचं दुखणं, त्यात लपवायचं काय? आधी भाभींना दवाखान्यात न्यायचं." ऐकलंत? ज्यांच्या भीतीपायी माझा डोळा घालवलात, त्यांना त्याचं काहीच न्हवतं.

रविवारी मला घ्यायला येणार म्हणे. येऊ नका. घुंघटाआडून त्या दिवशी मला एकही चेहरा दिसला न्हाई, पण आवाज बराबर कळले. सगळ्यांत आधी तुम्ही हसलात. बाकीच्यांना माहीत न्हवतं, तुम्हाला माहीत होतं.

संवत्सरीनंतर मनात वैर ठेवू नये म्हणतात. मी ठेवलंय.

तुम्हाला क्षमा न केलेली,
कनिका